परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती : विमानाचे तिकीट पुरेसे नाही

शालेय वयात परदेशात जाऊन शिकण्याची संधी बहुधा सधन घरांतील मुलांनाच मिळते. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. महाराष्ट्राचीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावे अशीच योजना आहे. मात्र या दोन्ही योजना पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. दहावी-अकरावीच्या होतकरू पण गरीब विद्यार्थ्यासमोर विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमांखेरीज फारसा मार्ग नसतो.

या विनिमयाची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांच्या ‘एएफएस’ या संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. परक्या घरात राहिलेले मूल त्या देशाचा द्वेष सहसा करणार नाही, ही त्यामागची धारणा होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर याच विचारातून अमेरिकेने २००२ मध्ये ‘केनेडी-लुगार यूथ एक्स्चेंज अँड स्टडी’ अर्थात ‘येस’ हा कार्यक्रम सुरू केला. लक्षणीय मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी तो होता. त्यात भारताचाही समावेश झाला.

खर्चाची संपूर्ण तरतूद

ही शिष्यवृत्ती केवळ गरिबांसाठी राखीव नव्हती. निवड गुणवत्तेवर होती. तरीही वंचित विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिची रचना अभ्यासण्याजोगी आहे. येण्याजाण्याचे विमानभाडे, आरोग्य विमा, दरमहा हातखर्च आणि प्रवासापूर्वीचे प्रशिक्षण यांची तरतूद त्यात होती. विद्यार्थ्याने वर्षभर स्थानिक शाळेत शिकायचे आणि यजमान कुटुंबात राहायचे. यजमानांना त्यासाठी मोबदला दिला जात नसे. त्यामुळे विद्यार्थी भाडेकरू न ठरता घरातलाच एक होई, असा त्यामागील हेतू होता.

अपंग विद्यार्थ्यांचाही वेगळा विचार झाला. अमेरिकेतील ‘मोबिलिटी इंटरनॅशनल यूएसए’ ही संस्था ओरेगॉन राज्यातील युजीन येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र पूर्वतयारी शिबिरे घेत असे. अंध विद्यार्थ्याच्या हाती केवळ तिकीट देऊन संधीची समानता साधत नाही, हे त्यातून मान्य केले गेले.

अडथळा घरापासूनच

खरी अडचण विमानतळाच्या बरीच आधी सुरू होते. अर्ज, निबंध आणि मुलाखत इंग्रजीत असेल, तर मराठी माध्यमातील हुशार मुलगी पहिल्याच फेरीत मागे पडते. मुलाखतीसाठी शहरात जाणे म्हणजे प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी. पारपत्रासाठी कागदपत्रे जुळवावी लागतात. परक्या हवेत पुरतील असे गरम कपडे घ्यावे लागतात. परतल्यावर अकरावी-बारावीचे वर्ष वाया जाण्याची धास्ती असते ती वेगळीच. आर्थिक साह्याच्या यादीत या बाबी सहसा नसतात. गरीब घराचा निर्णय मात्र याच बाबींवर ठरतो.

अल्प मुदतीचे दौरे यातील काही अडचणी टाळतात. जपानच्या ‘साकुरा सायन्स’ कार्यक्रमातून भारतीय शालेय विद्यार्थी काही दिवसांसाठी तेथील विद्यापीठे आणि संशोधन संस्था पाहून येतात. शालेय वर्ष बुडत नाही. अर्थात, परक्या भाषेत आणि परक्या घरात वर्षभर राहिल्याने येणारा आत्मविश्वास आठवडाभराच्या दौऱ्यातून येणे कठीण.

सरकारी निधीवरील योजनांना धोरणबदलाचा धोकाही असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने विनिमय कार्यक्रमांचे अनुदान अचानक थांबवले, तेव्हा अनेक संस्थांपुढे प्रश्न उभा राहिला.

शालेय विद्यार्थ्यांसाठी अशी योजना आखणाऱ्यांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. अर्ज मातृभाषेत भरण्याची मुभा, जिल्ह्याच्या ठिकाणीच मुलाखत, पारपत्रापासून कपड्यांपर्यंतचा खर्च आणि परतल्यावर शाळेत पुन्हा सामावून घेण्याची लेखी हमी, एवढे झाले तरी अर्जदारांच्या रांगेत आजवर न दिसलेले चेहरे दिसू लागतील. मात्र हा खर्च निवडीनंतर नव्हे, निवडीपूर्वीच करावा लागेल.