डिपॉझिट की ॲडव्हान्स? पावती करण्यापूर्वी वाचा

‘डिपॉझिट’ आणि ‘ॲडव्हान्स’ हे दोन इंग्रजी शब्द आपण व्यापारी व कारागीर बांधव सर्रास एकाच अर्थाने वापरतो. शब्द जवळचे आहेत, पण अर्थ वेगळे, आणि पुढे भांडण जुंपते ते यावरूनच.

डिपॉझिट म्हणजे अनामत. ‘अमानत’चेच हे मराठी रूप. रक्कम दुसऱ्याच्या हाती असली तरी ती देणाऱ्याची. व्यवहार संपला की थकबाकी कापून परत करायची. ॲडव्हान्स म्हणजे किमतीचा किंवा भाड्याचा आगाऊ दिलेला भाग. तो हिशेबात वळता होतो.

समजा, लेण्याद्रीच्या पायथ्याशी आपण दरमहा ५,००० रुपये भाड्याने गाळा घेतला व मालकाला २०,००० रुपये दिले. पावतीवर ‘डिपॉझिट’ असेल तर भाडे दरमहा वेगळे द्यावे लागेल, मात्र गाळा सोडताना २०,००० परत मिळतील. ‘ॲडव्हान्स’ असेल तर ते चार महिन्यांच्या भाड्यात संपले.

तिसरा शब्द बयाणा. सौदा पक्का केल्याची ती खूण. करारात तसे लिहिले असेल आणि घेणाऱ्याने सौदा मोडला, तर बयाणा जप्त होऊ शकतो. किमतीपोटी दिलेला नुसता ॲडव्हान्स तसा जप्त करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सतीश बत्रा खटल्यात स्पष्ट केले. म्हणून गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तर कारागिराने झालेले वाजवी नुकसान तेवढे कापून बाकी परत करावी.

जीएसटीतही फरक पडतो. नोंदणीकृत व्यावसायिकाने करपात्र सेवेपोटी ॲडव्हान्स घेतला की त्यावर कर लागतो. परतीच्या डिपॉझिटवर, ते किमतीत वळते करेपर्यंत, लागत नाही.

ठेवीचा व्यवहार आपल्या मुलखाला नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात बुरूड व कासारांच्या श्रेणींकडे पैसे गुंतवल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे ठेवली. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, ही अटही दगडात कोरली.

आपल्याला दगड कोरायचा नाही. पावतीवर एकच ओळ लिहायची: रक्कम कशापोटी दिली आणि ती परत केव्हा मिळणार किंवा कशात वळती होणार. त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.