टाळेबंदीतील गाणी आणि त्यांची मालकी

१३ एप्रिलची रात्र बाराकडे झुकू लागली की नागपूरचा संविधान चौक माणसांनी फुलून येतो. इंदोरा, पंचशील नगर, इमामवाडा, रामबाग अशा साऱ्या वस्त्यांमधून निघालेले निळे थवे तिथे एकत्र येतात आणि मग महिना-दीड महिना शहरात आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांत गाणे थांबत नाही. २०२० साली मात्र हे सारे थांबले. २४ मार्चच्या रात्री देशाला टाळे लागले आणि बाबासाहेबांची १२९ वी जयंती आंबेडकरी जनतेने घराच्या उंबरठ्याआत, एक मेणबत्ती लावून साजरी केली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती; दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येऊ नका, घरूनच अभिवादन करा, असे सांगण्याची पाळी आली.

या तीन तारखांचा अर्थ सर्वसामान्य माणसासाठी एक आणि आपल्या गायक-कलावंतांसाठी दुसरा. भीमगीत गाणारा, कव्वालीचा सामना करणारा, ढोलक-बँजो वाजवणारा, मागे बसून कोरस देणारा माणूस वर्षभराची भाकरी याच दिवसांत कमावतो. मंडळाने दिलेला इसार, कार्यक्रमानंतर हातात पडणारी बिदागी, श्रोत्याने खूश होऊन दिलेली नोट आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावरच्या स्टॉलवर विकली जाणारी सीडी, हीच त्याची मिळकत. त्याला ना पगार, ना भविष्य निर्वाह निधी, ना पेन्शन. एका वर्षात त्याचे तिन्ही हंगाम बुडाले. २१ मे २०२० रोजी लोककलावंत छगन चौगुले कोरोनाने गेले, तेव्हा महाराष्ट्र हळहळला. पण जे जिवंत राहिले ते काय खात आहेत, हा प्रश्न फारच थोड्यांना पडला. राज्य मंत्रिमंडळाने कलावंतांना एकरकमी मदत मंजूर केली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे टाळे लागून सतरा महिने उलटल्यावर. ५६ हजार कलावंत आणि प्रत्येकी ५ हजार रुपये! सतरा महिन्यांनी भागले तर महिन्याला तीनशे रुपयेही पडत नाहीत.

अशा वर्षातही गाणी आली. मोठ्या कंपन्यांचे स्टुडिओ बंद, सिनेमाघरे बंद, तरी स्वतःच्या बळावर गाणाऱ्यांनी गाणी केली आणि लोकांपर्यंत पोहोचवली. इंग्रजी वर्तमानपत्रे याला 'इंडिपेंडंट म्युझिक' म्हणतात आणि जणू ते काल-परवा महानगरांत जन्मले अशा थाटात लिहितात. आम्हाला याचे हसू येते. कंपनी नाही, सरकार नाही, शेठजी नाही, केवळ समाजाच्या जोरावर चालणारे संगीत आंबेडकरी चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच उभे केले होते. भीमराव कर्डकांचे जलसे कुणाच्या अनुदानावर गावोगाव गेले नाहीत. वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर पायपीट करून गाणी पेरली ती कुठल्या रेकॉर्ड कंपनीच्या करारावर नव्हे. नागपूरच्या नागोराव पाटणकरांची कव्वाली ऐकायला रात्र-रात्र जागणारी माणसे हाच त्यांचा प्रायोजक होता. विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी याच नागपुरात, दीक्षाभूमीवर, लॉर्ड बुद्धा वाहिनीच्या उद्घाटनाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. गाता गाता मरण पत्करणाऱ्यांच्या या परंपरेला 'स्वतंत्र' हा शब्द कुणी नव्याने शिकवू नये.

असो. त्या वर्षात आम्हाला जे भावले आणि आजही कानातून जात नाही, त्याचा हा हिशेब. ही क्रमवारी नव्हे.

पहिला मान आम्ही 'स्वदेशी' या मुंबईच्या रॅप समूहाच्या 'चेतावणी' या अल्बमला देतो. तो २०२० च्या प्रारंभी, टाळेबंदीच्या आधीच आला. एमसी मवाली मराठीत, टोडफोड गुजरातीत, असा प्रत्येकजण आपापल्या मायबोलीत बोलतो. कुणीही दुसऱ्याची भाषा उसनी घेत नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर याच गोटातला. तो आपले नाव '१००आरबीएच' असे लिहितो; शंभराला हिंदीत सौ म्हणतात, त्यावरून 'सौरभ'! पुढे २०२३ साली दूरचित्रवाणीच्या 'हसल' स्पर्धेत त्याने वऱ्हाडी ठसक्यात रॅप केला, तेव्हा आमच्या बोलीला 'गावंढळ' म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. याच समूहाने २०१९ साली आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली माणसाच्या जमिनीचे गाणे केले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रातोरात आरेतील दोन हजारांवर झाडांवर कुऱ्हाड चालली. इशारा देणारे गाणे आधी आणि आपत्ती मागाहून, हा अनुभव त्या काळात वारंवार आला. दुःखाची गोष्ट अशी की टोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. जाणत्या माणसालाही लाजवील एवढी समज त्या पोरात होती.

दुसरी नोंद सातासमुद्रापलीकडची आहे. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा रोवून त्याचा जीव घेतला आणि अमेरिका पेटली. नऊ दिवसांनी, ३ जूनला, 'रन द ज्वेल्स' या रॅपर जोडीने आपला चौथा अल्बम ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच, हवा त्याने फुकट घ्यावा म्हणून खुला केला. त्यातील एका गाण्यात कोंडलेल्या श्वासाचा उल्लेख आहे. ऐकणाऱ्याला वाटते की ते फ्लॉइडवर लिहिले असेल. प्रत्यक्षात ते आधीच ध्वनिमुद्रित झाले होते. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर असाच गुदमरून मारला गेला होता. सहा वर्षांनंतरही गाणे जुने झाले नाही, हा त्या समाजव्यवस्थेवरचा आरोप नव्हे काय? १९ जूनला 'सॉल्ट' या ब्रिटनमधील समूहाचा काळ्या अस्मितेवरचा अल्बम आला. १८६५ साली याच तारखेला टेक्सासमधील गुलामांना मुक्तीची वार्ता कळली होती. या समूहाने आपली नावे आणि चेहरे मागे ठेवून गाणे पुढे केले. ब्लॅक पँथरपासून १९७२ च्या दलित पँथरपर्यंतचा धागा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सूर परके वाटणार नाहीत.

तिसरे गाणे पंजाबचे. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले आणि कंवर ग्रेवाल यांचे 'ऐलान' ट्रॅक्टर-ट्रॅक्टरवर वाजू लागले. ते इतके झोंबले की फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारी तक्रारीवरून यूट्यूबने ते भारतात हटवले. गाण्याला भिणारे सरकार आम्हाला नवे नाही. तरीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंजाबच्या लोकसंख्येत जवळपास एक तृतीयांश अनुसूचित जातींचे लोक आहेत आणि त्यांतील बहुसंख्यांकडे जमीन नाही. २०२० च्या भातलावणीच्या हंगामात काही गावांतील पंचायतींनी त्याच भूमिहीनांच्या मजुरीवर मर्यादा घालणारे ठराव केले होते. शेतमालकाच्या लढ्याचे गाणे आम्हाला भावले, पण शेतमजुराच्या लढ्याचे गाणे तेवढ्या ट्रॅक्टरांवर वाजले नाही, ही खंत आम्ही लपवणार नाही.

चौथी नोंद गाण्याची नव्हे, गाणे थांबल्याची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. त्याच वर्षी १४ एप्रिलला, नेमक्या जयंतीच्या दिवशी, आनंद तेलतुंबडे यांना तपास यंत्रणेपुढे शरण जावे लागले होते. रोगाच्या भीतीने देशभरचे तुरुंग मोकळे करण्याची भाषा चालू असताना शाहिरांसाठी मात्र तुरुंगाचे दार आत उघडत होते! त्या वर्षाच्या कुठल्याही यादीत ही रिकामी जागा मोजली गेली पाहिजे.

आणि पाचवे गाणे, ज्यासाठी हा लेखप्रपंच. ७ मार्च २०२१ रोजी, महामारीचे पहिले वर्ष सरता सरता, तमिळ कवी-रॅपर अरिवू आणि गायिका धी यांचे 'एन्जॉय एन्जामी' आले. ए. आर. रहमान यांचे पाठबळ असलेल्या 'माज्जा' या स्वतंत्र संगीतमंचाने ते प्रसिद्ध केले. अरिवू हा पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'चा कलावंत. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली आणि शेवटी हाती जमिनीचा तुकडाही न आलेली आपली आजी वळ्ळिअम्माळ, तिची कहाणी त्याने गाण्यात ओवली. तमिळ न समजणारी पोरेही नागपुरात त्यावर नाचली. कोट्यवधी वेळा ते पाहिले गेले.

पुढे काय झाले? ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर या यशाचा गौरव झाला. त्यावर धी होती, दुसरा एक गायक होता, पण अरिवू नव्हता! पा. रंजित यांनी जाहीर जाब विचारला, गदारोळ झाला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे गायले गेले, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. त्यानंतर गाणे नेमके कुणाचे, यावर गीतकार आणि संगीतकार यांच्यात जाहीर वाद झाला. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनीच सांगितले की या गाण्यातून कलावंतांना एक पैसाही मिळालेला नाही. आजीच्या घामाची जमीन दुसऱ्याची झाली आणि तिच्या नातवाच्या शब्दांचे पैसेही दुसरीकडेच अडकले. तीन पिढ्यांनंतरही मालकीचा प्रश्न तसाच!

स्वतंत्र संगीत म्हणजे काय, याचे उत्तर इथे आहे. मोठ्या कंपनीविना निघालेले गाणे आपोआप स्वतंत्र होत नाही. ज्याने लिहिले, ज्याने चाल बांधली, ज्याने गायले, त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्याच्याकडे राहिला तरच ते स्वतंत्र. २० मार्च २०२० रोजी 'बँडकॅम्प' या परदेशी संगीत-विक्रीच्या मंचाने एका दिवसासाठी आपला हिस्सा सोडून दिला, आणि पुढे ठरावीक शुक्रवारी हा पायंडा चालू ठेवला, कारण कलावंत उपाशी आहे हे त्यांना कळले. आपल्याकडे काय चित्र आहे? कॅसेटच्या जमान्यात भीमगीते एकरकमी विकली गेली. आज तीच गाणी यूट्यूबवर जाहिरातींसह वाजतात. पैसा चॅनेलवाल्याला जातो आणि गीतकाराचे नावही खाली लिहिलेले नसते. वामनदादांचे गाणे 'पारंपरिक' म्हणून खपवले जाते. कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि त्यांची चित्रफीत ज्याच्या हाती येईल तो आपल्या नावाने टाकतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर लाखोंची उधळण करणारी मंडळे शाहिराची बिदागी ठरवताना घासाघीस करतात.

कायदा मात्र आज कलावंताच्या बाजूने उभा आहे, हे समाजबांधवांना माहीत असले पाहिजे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीत-संगीताच्या पुढील वापरातून येणाऱ्या मानधनातील गीतकार-संगीतकाराचा वाटा त्यांना विकून टाकता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरासाठी मानधनाचा हक्क मिळाला. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे हा हक्क २०६४ संपेपर्यंत जिवंत आहे. हे हक्क बजावायचे तर काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. गाण्याखाली गीतकार, संगीतकार, वादक यांची नावे लिहावीत. करार तोंडी न ठेवता कागदावर करावा. गीतकार-संगीतकारांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या संस्थेचे सभासद व्हावे. मंडळांनी डीजेच्या खर्चातला निदान निम्मा पैसा जिवंत कलावंताला द्यावा. आपल्याकडे वकील आहेत, प्राध्यापक आहेत, संगणक जाणणारी पोरे आहेत. जुन्या कॅसेटी आणि हस्तलिखित वह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांचे जतन करणे हे काम नागपूरने नाही करायचे तर कुणी करायचे?

१३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या पूर्वसंध्येला, नागपूरचे वीरा साथीदार कोरोनाने गेले. 'विद्रोही'चे संपादक, आयुष्यभराचे कार्यकर्ते. जगाने त्यांना 'कोर्ट' चित्रपटातील लोकशाहीर नारायण कांबळे म्हणून ओळखले. त्या चित्रपटात शाहिरावर आरोप असतो तो गाण्याचा. त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा. कामगाराला सुरक्षेची साधने का नव्हती, हा प्रश्न बाजूला राहतो आणि गाणेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. व्यवस्थेला गाण्याची ताकद कळते, म्हणून ती गाणे हटवते, गाणाऱ्याला कोंडते किंवा त्याचे नाव पुसते. चळवळीलाही ती ताकद तेवढीच कळली पाहिजे. येत्या जयंतीला मंचावर कुणी गात असेल, तर त्या गाण्याचा धनी कोण, हे आधी विचारा, त्याचे नाव मोठ्याने घ्या आणि त्याचा मोबदला त्याच्या हाती ठेवा.

जयभीम!