राजमलाच्या उतारावर

वनखात्याची मिनीबस पाचव्या मैलावरच्या फाटकातून निघते आणि पहिल्याच वळणाला चहाच्या मळ्यात शिरते. मुन्नारहून इथवर आपली गाडी येते, पुढे नाही. मे महिना आहे, तरी वारा इतका गार की आईनं पदर डोक्यावरून घेऊन कानाशी दाबून धरलाय. भाचा खिडकीला चिकटलेला. ताडोब्याला वाघ दिसल्यापासून कुठलंही रान म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आत्या, इथे वाघ आहे?" आहे, मी सांगते. वाघ आहे, बिबट्या आहे, कोळसुंदेही आहेत. पण आपण बघायला चाललोय ते जनावर या सगळ्यांना चुकवून कड्यावर चढून बसणारं आहे.

वर जाताना मळा एका ठिकाणी संपतो आणि ती रेघ अगदी स्वच्छ दिसते. अलीकडे एका उंचीला छाटलेली चहाची झुडपं, पलीकडे वाऱ्यानं लोळणारं गवत आणि त्यातून वर आलेला काळा कातळ. चहा आला त्याआधी अलीकडच्या उतारांवरही गवत नि शोलाचं, म्हणजे घळीतलं बुटकं रानच होतं. आता राहिलंय ते हे, ९७ चौरस किलोमीटरचं इरविकुलम राष्ट्रीय उद्यान. ते राहिलं कारण मळेवाल्या साहेबांनी हे डोंगर स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. राखणीला माणसं होती मुथुवान आदिवासींपैकी, ज्यांना इथली प्रत्येक घळ पाठ. १९७१ च्या कायद्यानं केरळ सरकारनं कण्णन देवन डोंगरांतली मळ्याबाहेरची जमीन ताब्यात घेतली, १९७५ मध्ये इथे अभयारण्य झालं, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. बंदूक गेली, राखणीची सवय मागे राहिली. आज ज्या वनरक्षकाच्या मागे आम्ही चालणार आहोत, तो त्याच मुथुवानांपैकी आहे.

राजमलाला बस थांबते. इथून पुढे डांबरी रस्ता, पण पायी. एका अंगाला उतार खाली दरीत जातो, दुसऱ्या अंगाला गवत थेट कातळभिंतीपर्यंत चढतं. त्या भिंतीच्या वर कुठेतरी अनमुडी आहे, २६९५ मीटर, हिमालयाच्या दक्षिणेला भारतातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाईहून हजारभर मीटर उंच. आत्ता मात्र ढगात आहे. ढग मधेच फाटतो, ओल्या कातळावरून उतरणारी पाण्याची एक बारीक धार चमकते, आणि पुन्हा पडदा पडतो. वर चढायला कुणाला सोडत नाहीत. मला ते फार बरं वाटतं. एखादं शिखर माणसाच्या पायांवाचून राहू द्यावं.

आई रस्त्याकडेच्या झुडपापाशी थांबली आहे. एक पान दोन बोटांत धरून, न तोडता, उलटसुलट करून पाहतेय. "ही कारवीच की गं," ती म्हणते. जावळीच्या खोऱ्यात वाढलेली ती. घराच्या कुडाला कारवीच्या काठ्या बांधून वर शेणमाती लिंपताना तिनं आपल्या वडिलांना पाहिलंय. मी म्हणते, कारवीचीच बहीण, नीलकुरिंजी. आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, ही बारा वर्षांनी. २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३०. तेव्हा हे सगळे उतार निळे-जांभळे होतात, आणि बी पडलं की झाड मरतं. "कारवीचंही तसंच," आई म्हणते, जणू गावाकडच्या माणसाची खुशाली कळली. डोंगर इथवर एकच आहे, तापीच्या काठापासून खाली आलेला, हे मी पुस्तकात वाचलंय. आई ते पानावरून वाचतेय.

"आत्या, बकऱ्या!"

भाच्याला आधी दिसतात. वरच्या वळणाशी, रस्त्यापासून पंधरावीस पावलांवर, गवतात सात-आठ जनावरं चरताहेत. करड्या-तपकिरी रंगाची, आखूड केसांची, अंगानं भरलेली. हीच निलगिरी ताहर. इथले लोक वरयाडू म्हणतात. साऱ्या जगात मिळून तीन हजारांच्या आतबाहेर, तीही फक्त केरळ आणि तमिळनाडूच्या या डोंगरमाथ्यांवर, आणि त्यांचा सर्वांत मोठा कळप या उद्यानात. आपल्या सह्याद्रीत ती नाहीत. दक्षिण भारतात कड्याकपारीत राहणारं दुसरं रानबकरं नाहीच.

वनरक्षक हात आडवा धरून आम्हाला थांबवतो. "दूर से, दूर से." मग आईकडे बघून हळू म्हणतो, "अम्मा, बैठो." आई कठड्यावर टेकते. आम्ही तिच्यामागे उभे राहतो.

आणि जनावरं पळत नाहीत. एक मादी मान वर करून आमच्याकडे पाहते, जबडा आडवा हलतोय, ओठाच्या कोपऱ्यातून गवताची काडी बाहेर आलेली. इतक्या जवळून तिची शिंगं दिसतात. बुंध्याशी जवळजवळ, मागे वळत गेलेली, त्यांवर बारीक बारीक वळ्या. डोळ्यातली बाहुली आडवी. मान खाली घालते, पुन्हा चरायला लागते. मागून एक करडू येतं आणि कासेला ढुशी देतं. कळपात अशी तीन-चार करडं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये, विण्याच्या दिवसांत, हा भाग लोकांसाठी बंद असतो. ही त्याच हंगामातली.

आई जनावरांवरून नजर काढत नाही. आमच्या लहानपणी तिच्या दावणीला शेळ्या असायच्या. "दोनच सड," ती सांगते. "आपल्या शेळीसारखे. पण दाढी नाही बघ एकीलाही." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हिमालयातल्या ताहरला चार सड असतात, हिला दोन. नावानं दोघी ताहर, पण डीएनएची चाचणी केल्यावर कळलं की ही हिमालयातल्या ताहरपेक्षा मेंढ्यांच्या जवळची आहे. म्हणून २००५ पासून हिची प्रजातीच शास्त्रज्ञांनी वेगळी मांडली. आईला मी हे सांगते, तशी ती परत निरखून पाहते. "चालते मात्र शेळीसारखी."

चालणं बघायलाच हवं. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक कातळ आहे, जवळजवळ उभा, दवानं ओला. करडू खेळता खेळता त्यावर चढतं. पुढचे दोन पाय एका बोटभर कंगोऱ्यावर, मागचे दोन दुसऱ्यावर. वहिनी "अरे अरे" म्हणत भाच्याचाच हात घट्ट धरते. करडू तिथेच अंग वळवतं, चारही खूर त्या कंगोऱ्यावर गोळा करतं आणि खाली उडी घेतं. भाचा आपला बूट उलटा करून तळवा पाहतो. मी त्याला सांगते की करडाच्या खुराची कड टणक असते आणि आतला तळवा रबरासारखा मऊ, म्हणून कड अडकते आणि तळवा चिकटतो. चित्त्यासारखं धावणं याला जमत नाही. याचा सारा जीव कड्यावर आहे. बिबट्या आला तर कळपातली एखादी राखण करणारी मादी शिट्टी घालते आणि पुढच्या क्षणी सगळी अशा जागी असतात जिथे बिबट्याला पाय टेकता येत नाही.

म्हणजे ही जनावरं भित्री नाहीत असं मुळीच नाही. ती आम्हाला भीत नाहीत. यामागे शंभरेक वर्षांची राखण आहे. १९६९ मध्ये जॉर्ज शॅलर इथे ताहर अभ्यासायला आला. दहा वर्षांनी क्लिफर्ड राइस हा दुसरा अमेरिकी संशोधक आला, तो मीठ ठेवून त्यांच्यात बसायचा, इतका की ती त्याची सवय करून घेऊन भोवती चरायची. आज मीठही घालायचं नाही, खायलाही घालायचं नाही, हात लावायचा नाही. ताडोब्यात वाघ पाहिला तेव्हा आमच्या जिप्सीभोवती आणखी किती जिप्सी होत्या आणि प्रत्येकजण पुढे काढू पाहत होता. तिथे मला वाघ दिसला, पण त्याला उभं राहायला जागा दिसली नाही. इथे त्या मादीनं आम्हाला बघितलं, आमच्यापासून काही धोका नाही असं ठरवलं आणि पुन्हा चरायला लागली. रानात मला मिळालेला याहून मोठा मान आठवत नाही.

पुढे रस्त्याला एक घळ लागते. घळीत शोलाचं रान आहे, बुटकी वाकडी झाडं, खोडांवर शेवाळ, पालवी तांबूस, आणि आतून झऱ्याचा आवाज. रानाची कड जिथे संपते तिथेच गवत सुरू होतं. मधे झुडपं नाहीत की काही नाही. आत कुठेतरी पक्षी शीळ घालतोय. भाऊ दुर्बीण लावून बसलाय, पण तो काही बाहेर येत नाही.

"मे महिन्यात झरा?" आई विचारते. तिच्या माहेरी होळीनंतर पाणी खांद्यावर आणावं लागायचं.

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात इथे पाणी ओतलं जातं तेव्हा गवताची मुळं ते वाहून जाऊ देत नाहीत, ते जमिनीत मुरतं, घळीतल्या पानांच्या जाड थरात आणि शेवाळात साठतं आणि उन्हाळाभर थेंब थेंब सुटतं. इथल्या ओढ्यांचं पाणी पश्चिमेला पेरियारला मिळतं आणि पूर्वेला कावेरीच्या खोऱ्यात. या साऱ्याच्या मुळाशी आहे ते गवत. आणि याच गवताला निलगिरी-पळणीच्या डोंगरांत मोकळी पडीक जमीन समजून वॅटल आणि निलगिरीची झाडं लावली गेली. आपल्याकडेही सड्यांना आणि माळांना पडीकच म्हणतात. झाडं लावा म्हणणारा कुणीही वाईट हेतूनं म्हणत नाही, तरी मी प्रत्येकाला हात धरून इथे आणून उभं करावं म्हणते. ताहर या गवतावर जगते. गवत गेलं की ती चरणार कुठे, आणि कातळ किती दिवस तिला पोसणार?

हाच डोंगर माणसांनाही गिळतो. इथून पलीकडे पेट्टिमुडी आहे. २०२० च्या ६ ऑगस्टच्या रात्री तिथे दरड कोसळली आणि मळ्यातल्या कामगारांच्या लायनी झोपेत गाडल्या गेल्या. ७० माणसं. वनरक्षकाला विचारल्यावर तो त्या दिशेला बोट दाखवतो आणि बोट बराच वेळ खाली घेत नाही. मग तो वर बघतो आणि म्हणतो, "सॅडलबॅक."

कातळाच्या माथ्यावर एकटा नर उभा आहे. काळपट, जाड मानेचा, पाठीवर रुपेरी खोगीर. हे म्हातारे नर उन्हाळ्यात कळपापासून लांब राहतात आणि पावसाळ्यात माद्यांकडे येतात. माझी लेक कॅमेरा काढते, ढग तोवर येतो. "असू दे," ती म्हणते, "दिसला की."

परतीच्या वाटेवर गर्दी वाढली आहे. खालचा कळप रस्त्यावरच उतरलाय आणि एक करडू कठड्यावर चढून बसलंय. एक तरुण माणूस, शेजारी बायको आणि कडेवर मूल, खिशातून बिस्किटाचा पुडा काढतो. पुड्याचा आवाज झाल्याबरोबर करडू कान टवकारतं. मी काही बोलण्याआधी आई पुढे झालीय.

"ओ दादा, नका घालू त्याला काही."

तो दचकून वळतो. मराठीच निघतो. "एकच बिस्किट, आज्जी. बाळाला गंमत."

"एकच तुमचं, मागून येतील त्यांचं एकेक. चटक लागली की ते कडा सोडून रस्त्यावर बसेल. आज तुम्ही घालाल, उद्या कुणी दगड मारेल. पोटालाही बाधतं. आमची एक शेळी लग्नाच्या पंगतीतलं उष्टं खाऊन फुगून मेली होती." तिचा आवाज चढलेला नाही. शेळी आठवून जरा जड झालाय, इतकंच.

तो पुडा खिशात घालतो. वनरक्षकाला भाषा कळली नाही, पण काय झालं ते कळलंय. तो आईसमोर हात जोडतो. करडू थोडा वेळ वाट बघतं आणि आईच्या मागून गवतात उतरतं.

"तुमच्याकडे शेळ्या आहेत का अजून?" तो माणूस विचारतो. त्याचं गाव माणदेशातलं, वडिलांकडे माडग्याळी मेंढ्या आहेत. बसच्या रांगेपर्यंत दोघं तेच बोलत चालले आहेत, किती दूध, कोणता चारा, यंदा पाण्याचं काय.