कापडाच्या गावातून साल्हेरला

बमरोली, पांडेसरा, उधना या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला ट्रेकिंगचे कपडे घेताना खरं तर कुणाच्या सल्ल्याची गरज पडू नये. मोठ्या दुकानात 'क्विक ड्राय' असं छापलेला टी-शर्ट तो हजार-बाराशेला हातात घेतो. त्याच धाग्याचे खोके त्याच्या गल्लीत रोज टेम्पोतून उतरतात आणि त्याच जातीच्या धाग्यावर त्याच्या घरातलं कुणीतरी बारा-बारा तासांची पाळी करतं. तरीही दुकानात तो लेबल वाचतो, कापड चिमटीत धरून बघत नाही. मला याची गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं.

मी मिलमध्ये तयार कापड तपासायचं काम करतो. सुट्ट्या जमल्या की मंडळातल्या मुलामुलींना घेऊन डोंगरात जातो. या अंकासाठी 'ट्रेकला काय काय घ्यावं' याची यादी मागितली होती. यादी इंटरनेटवर पन्नास ठिकाणी मिळेल. मी कापडापासून सुरुवात करतो, कारण तेवढं मला नीट कळतं.

आपल्याकडच्या वॉटरजेट लूमवर पाण्याच्या बारीक फवाऱ्याने बाणा फेकला जातो. त्या लूमवर सुती धागा का लावत नाहीत, हे घरात कुणाला तरी विचारा. सूत पाणी पितं. पॉलिस्टर पीत नाही, म्हणून ते त्या लूमवर चालतं. डोंगरातल्या कपड्यांचं अर्धं शास्त्र एवढ्यातच आहे. १०० ग्रॅम कोरडं सूत साध्या हवेतूनच सात-आठ ग्रॅम ओलावा धरून बसतं, नायलॉन चारच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. घाम आला, पाऊस आला, की पॉलिस्टरमधलं पाणी धाग्यांच्या फटींत असतं, धाग्याच्या पोटात नसतं. पिळलं, झटकलं, चार पावलं वाऱ्यात चाललं की ते वाळायला लागतं. जीन्सचं तसं नाही. भिजलेली जीन्स संध्याकाळपर्यंत मांडीला चिकटून राहते.

म्हणून सूत वाईट असं नाही. मे महिन्यात वाघईच्या पुढे डांगात फिरायचं असेल तर सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा मी आजही घालतो. कोरड्या उन्हात ओला सदरा अंगाला गारवा देतो, तेच तर हवं असतं. पॉलिस्टरचे दोषही आपल्याला माहीत आहेत. दुसऱ्या दिवशी वास मारतं, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून भोक पडतं. वेळ आणि जागा बघून कापड निवडायचं, दुकानातली जाहिरात बघून नाही.

आता 'डेनियर'. सॅकवर 210D, 420D, 600D असं लिहिलेलं असतं ते हेच. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. साडीचा धागा आपल्याकडे ३०, ५०, ७५ डेनियरचा चालतो. शाळेच्या दप्तराला बहुधा ६०० डेनियरचं पॉलिस्टर असतं. मग ६०० वाली सॅक २१० वालीपेक्षा मजबूत का? नेहमी नाही. चांगल्या नायलॉनचा धागा त्याच जाडीच्या पॉलिस्टरपेक्षा घासायला चिवट असतो, म्हणून २१० डेनियरची नायलॉन सॅक हलकी असूनही वर्षानुवर्षं टिकते. कापडात बारीक चौकटी दिसतात ना, ती रिपस्टॉप वीण. ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असतो, त्यामुळे फाटलं तरी चीर पुढच्या चौकटीशी अडते. पण सॅक कापडातून सहसा फाटत नाहीच. ती पट्ट्याच्या शिवणीत उसवते आणि चेनीत मरते. दुकानात आधी पट्टा जिथे पाठीला शिवलाय ती जागा उलटून बघा.

कापडवाल्यांचा आणि डोंगराचा संबंध नवा नाही. सह्याद्रीतल्या वाटांवर 'ट्रेक द सह्याद्रीज' हे पुस्तक लिहिणारे हरीश कपाडिया मुंबईचे कापडव्यापारी. त्यांनी हिमालयात आयुष्यभर भटकंती केली, 'हिमालयन जर्नल' वर्षानुवर्षं संपादित केलं, आणि २००३ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना पेट्रन्स मेडल दिलं. दुकान सांभाळून हे होतं, एवढंच मला आपल्या मुलांना सांगायचं असतं.

सुरत समुद्रसपाटीपासून जेमतेम १०-१५ मीटर उंच. चढ म्हणजे काय तर उड्डाणपूल. नव्या पोरांना मी आधी थेट साल्हेरला नेत नाही. पहिली फेरी सापुताऱ्याजवळच्या हातगडाची. हा किल्ला महाराष्ट्रात येतो, चढ थोडका, आणि कुणाचा दम कुठे लागतो ते कळतं. किंवा पूर्णा अभयारण्यातलं महाल, जिथे उंची नाही पण जंगल आहे, नदी आहे आणि मोबाइलला रेंज नसते. तिथे काही मुलं पहिल्यांदा अर्धा तास गप्प बसतात. पक्षी बघायला तेवढं पुरतं. चांगली दुर्बीण असेल तर उत्तमच, पण त्याआधी भडक नारिंगी टी-शर्ट घरी ठेवा.

मग साल्हेर. नवापूर, दहिवेल, पिंपळनेर, ताहाराबाद. आपल्यातल्या निम्म्या घरांची गावं याच रस्त्याच्या आजूबाजूला आहेत, पण गावी जाताना डावी-उजवीकडचे डोंगर कुणी बघत नाही. साल्हेर १५६७ मीटर उंच, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. शिखर म्हणून त्याच्यावर फक्त कळसूबाई. शाळेत सुरतेच्या लुटीचा धडा आला की वर्गातली पोरं आपल्या पोरांकडे वळून बघतात, हा अनुभव इथल्या प्रत्येक मराठी घराला आहे. त्या इतिहासाचा पुढचा भाग साल्हेरवर आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत मारून महाराज याच बागलाणातून परतले. १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला. फेब्रुवारी १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांच्या फौजांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरवलं. सूर्याजी काकडे तिथे पडले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे.

वाघांबे गावातून चढलं की साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड लागते. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातल्या गुहांच्या बाजूने आडवी वाट. माथ्याजवळ गंगासागर तलाव आणि अगदी टोकावर परशुरामाचं छोटं मंदिर. पश्चिमेला डांग, त्याच्या पलीकडे कुठेतरी आपण. उंचीच्या हिशेबाने वरची हवा सुरतेपेक्षा साधारण दहा अंश थंड असते, आणि वारा वेगळा.

हे दहा अंश किती असतात, ते दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये दिसलं. आमच्या गल्लीतला एकोणीस वर्षांचा मुलगा, सांगूनही जीन्स आणि जाड सुती हुडी घालून आला होता. धडधाकट, जिमला जाणारा. खिंडीच्या वर पाऊस लागला, माथ्यावर वारा. अर्ध्या तासात त्याचं बोलणं कमी झालं. मग हात थरथरायला लागले, बुटाची नाडी बांधता येईना, आणि विचारलं तर 'काही नाही दादा, ठीक आहे' असं अडखळत म्हणायचा. ऑगस्टमध्ये, गुजरातच्या सीमेवर, थंडीने. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. सुताने ते पाणी अंगाला लपेटून ठेवलं होतं. त्याला गुहेत घेतलं, ओले कपडे सगळे काढले, दोघांच्या सॅकमधले कोरडे कपडे घातले. गुरं घेऊन आलेले एक बाबा तिथेच बसले होते. त्यांनी न विचारता आपली घोंगडी दिली. गुळाचा खडा, थर्मासमधला चहा. थरथर थांबायला पाऊण तास लागला. ती थांबेपर्यंत मी त्याच्या आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलवू शकलो नाही.

ती घोंगडी अर्धवट ओली होती, हे मला नंतर लक्षात आलं. लोकर सुताहूनही जास्त ओलावा पोटात घेते, पण तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ओली असतानाही ती ऊब देते. डोंगरातले लोक शेकडो वर्षं घोंगडी आणि इरलं वापरत आले ते काही गरिबीमुळेच नव्हे.

मग रेनकोट कोणता, हा प्रश्न येतोच. आत पीयूचा थर दिलेलं कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं तो आकडा लेबलवर असतो. दीड-दोन हजारांच्या पुढे असेल तर आपल्याला पुरे. त्याहून महत्त्वाची शिवण. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर आकडा कितीही असो, पाणी सुईच्या भोकांतून येणार. महागड्या जॅकेटमध्ये घामाची वाफ बाहेर जाते म्हणतात. जाते, पण बाहेर हवा कोरडी असेल तर. सह्याद्रीतल्या पावसात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, वाफ जाणार कुठे? आठ हजारांच्या जॅकेटमध्येही माणूस घामाने भिजतोच. माझं मत सरळ आहे: साधा रेनकोट वाऱ्यासाठी, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड सॅकमध्ये, कधीही न उघडलेला. तो जोड प्लास्टिकमध्ये ठेवायचा. सॅकवरचं कव्हर पाठीकडून पाणी अडवत नाही. ताके पॅक करायची लांब पिशवी प्रत्येकाच्या घरात पडलेली असते, ती सॅकच्या आत अस्तरासारखी घाला. याहून चांगली वस्तू मला अजून विकत मिळालेली नाही.

बुटांवर मात्र पैसे वाचवू नका, पण उधळूही नका. सह्याद्रीत फिरणारे कितीतरी जुने लोक अॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर हजारो मैल चाललेत. बूट संध्याकाळी घ्या, पाय थोडा सुजलेला असतो. जाड मोजा घालून घ्या. पुढे अंगठ्याला बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. आणि कपाटात चार-पाच वर्षं जपून ठेवलेले बूट थेट डोंगरावर नेऊ नका. पीयूचा सोल हवेतल्या दमटपणानेच आतून कुजतो, वरून नवा दिसतो आणि खिंडीत गळून पडतो. जुन्या रेनकोटचं आतलं अस्तर चिकट होऊन सोलपटतं, तोच हा प्रकार. सुरतेची हवा या बाबतीत फार वाईट.

मी पहिली चांगली सॅक आणली तेव्हा आई म्हणाली, "एक पिशवीले इतला पैसा?" साक्रीकडची माणसं, पैसा कसा येतो ते तिने पाहिलेलं. मी तिच्या खांद्यावर आठ किलो भरून सॅक दिली आणि कमरेचा पट्टा आवळला. दोन मिनिटं घरात फिरली. वजन कमरेवर गेलं की खांदे मोकळे होतात, हे तिला सांगावं लागलं नाही. आयुष्यभर तिने पाण्याच्या कळश्या कमरेवरच आणल्या होत्या. तर सॅक घेताना ती रिकामी घालून आरशात बघू नका. दुकानात वजन मागून घ्या, भरा, जिना चढा-उतरा. एका दिवसाला २०-२५ लिटर, मुक्कामाला ४५-५०.

मुलींच्या आयांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते बरोबर असतात. सोबत कोण, रात्री कुठे, बाथरूमचं काय. त्यांना डेनियर सांगून चालत नाही. मुक्काम गावातल्या ओळखीच्या घरी, सोबत किमान दोन मोठ्या बायका, हे ठरल्याशिवाय आम्ही निघत नाही. पॅड आणि टिश्यू घट्ट झाकणाच्या डब्यात खाली परत आणायचे, हे नियमात आहे आणि मुलंही ते ऐकतात. गेल्या हिवाळ्यात अकरा जणांत सहा मुली होत्या.

बारीकसारीक बरंच आहे. हेडलॅम्प घ्या, हातातली बॅटरी नको, उतरताना दोन्ही हात लागतात. गळ्यात शिट्टी: संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं. अत्तर-डिओ लावून येऊ नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात. माणशी तीन लिटर पाणी. शेव आणि कळण्याच्या भाकरीपुढे एनर्जी बार काहीच नाही. दोर लागेल अशा वाटेला प्रशिक्षित माणूस आणि गिर्यारोहणाचा खरा दोर असेल तरच जायचं. बाजारातली नायलॉनची दोरी टेम्पोतले ताके बांधायला ठीक आहे.

गेल्या वर्षी एका मुलाने तेरा हजारांचे बूट हप्त्यांवर घेतले. पाचव्या हप्त्याला त्याच्या वडिलांच्या खात्यात कारीगरांची ढिल्ली पाळी चालू होती. त्यानंतर पाच घरांनी पैसे जमवून एक कपाट केलं: चार सॅक, दोन तंबू, सहा स्लीपिंग बॅग, एक स्टोव्ह. स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरच्या दोन तापमानांपैकी 'कम्फर्ट'चा आकडा बघून घेतल्या. दुसऱ्या आकड्यावर माणूस जगतो, झोपत नाही. बूट तेवढे ज्याचे त्याने आणायचे.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. वस्तू नेताना वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणताना तंबू दोन दिवस गच्चीवर सुकवूनच घडी घालायचा. डिसेंबरच्या साल्हेरसाठी आतापर्यंत सात नावं आली आहेत. त्यात हुडीवाला मुलगा आहे. या वेळी तो वडिलांनाही घेऊन येतो आहे, त्यांच्या मापाची सॅक मात्र अजून शोधायची आहे.