औषधाचे स्वराज्य

सिकंदराबादच्या बेगमपेठ भागात विमानतळाच्या जुन्या धावपट्टीनजीक एक बैठी इमारत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी या परिसरात रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरास सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परोपजीवी दिसले. त्या एका दृष्टिक्षेपाने मानवजातीचे एक जुने कोडे सुटले आणि १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध सिकंदराबादला लागला, रक्त येथील रुग्णांचे होते. परंतु त्या शोधाचे फळ औषधाच्या रूपाने येथील रयतेच्या हाती पडण्यास अनेक पिढ्या जाव्या लागल्या. राजकीय पारतंत्र्याचा हा एक दुर्लक्षित अर्थ होता: रोग आमचा, औषधाची चावी दुसऱ्याच्या कनवटीला.

१९४७ साली सत्तांतर झाले तरी ही चावी आमच्याकडे आली नाही. १९११ चा पेटंट कायदा तसाच राहिला. औषधाच्या बाजारपेठेत परदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते आणि साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉवर समितीनेच नमूद केले की, औषधांच्या किमतीच्या बाबतीत भारत जगातील महागड्या देशांत मोडतो. ज्या देशातील माणसाची मिळकत जगात सर्वांत कमी, त्यानेच औषधास सर्वांत जास्त दाम मोजावा, ही विटंबना नव्हे तर काय?

या विटंबनेतून सुटण्याची वाट कशी काढली गेली, याचा इतिहास आज मुद्दाम सांगावयास हवा. कारण हैदराबाद-सिकंदराबाद हे औषधनिर्मितीचे जगन्मान्य केंद्र बनले ते केवळ उद्योजकांच्या साहसामुळे, अशी एक सोयीची कथा अलीकडे रूढ होत आहे. ती कथा खोटी नाही, परंतु अर्धी आहे. आणि अर्ध्या कथेवरून आखलेले धोरण पुरते फसते.

पहिली पायरी सरकारने बांधली. आपल्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. पाठोपाठ १९६१ साली इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही सरकारी कंपनी निघाली. सोविएत रशियाच्या मदतीने हृषीकेशला प्रतिजैविकांचा आणि सिकंदराबादलगतच्या बालानगरला संश्लेषित औषधांचा कारखाना उभा राहिला. सल्फा औषधे आणि जीवनसत्त्वे येथे मुळापासून तयार होऊ लागली. परंतु या कारखान्याचे खरे उत्पादन निराळेच होते. ते होते माणसांचे. रसायनशास्त्राची पदवी खिशात घेऊन आलेल्या शेकडो तरुणांना मोठ्या भांड्यात रासायनिक प्रक्रिया कशी चालवावी, दाब व तापमान कसे सांभाळावे, उतारा कसा वाढवावा, हे प्रयोगशाळेत न मिळणारे ज्ञान बालानगरने दिले.

दुसरी पायरी कायद्याची होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने सुचविलेल्या दिशेने १९७० चा पेटंट कायदा झाला व २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाही, केवळ तो बनविण्याच्या कृतीवर हक्क, आणि तोही थोड्या वर्षांपुरता, हे या कायद्याचे सार. म्हणजेच तेच औषध निराळ्या वाटेने बनवून दाखवील त्याला बाजार मोकळा झाला.

तिसरी पायरी मग उद्योजकांनी चढली. डॉ. अंजी रेड्डी यांचे उदाहरण पुरेसे आहे. गुंटूर जिल्ह्यातील हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा मुंबईच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागात शिकला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्याने डॉक्टरेट मिळविली आणि नोकरी धरली ती बालानगरच्या सरकारी कारखान्यात. तेथून बाहेर पडून, आधी इतर उद्योगांत हात घालून, १९८४ साली त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. शिक्षण सरकारी, प्रयोगशाळा सरकारी, उमेदवारी सरकारी, कवच संसदेने केलेल्या कायद्याचे. आणि या साऱ्यावर कळस चढविणारे धाडस मात्र निखालस त्यांचे. यातील एकही दुवा गळला असता तर साखळी तुटली असती.

या साखळीचे मोल भारताबाहेरच्या गरिबांनीही अनुभवले आहे. एड्सवरील तीन औषधांच्या उपचारास वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना, २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पुढे हैदराबादच्या अरबिंदो, हेटेरो यांसारख्या कंपन्यांनीही आफ्रिकेस ही औषधे मोठ्या प्रमाणावर पुरविली. आमचा १९७० चा कायदा आफ्रिकेतील लक्षावधी माणसांचे प्राण वाचविण्यास कारण झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे. शेजारच्या बांगलादेशानेही १९८२ साली निरुपयोगी औषधांवर बंदी घालून स्थानिक कारखानदारीस वाव दिला आणि आज तो देश आपली बहुतेक औषधे स्वतः तयार करतो. विकसनशील राष्ट्रांनी घ्यावयाचा धडा हाच: शासन की बाजार, हा वाद निष्फळ आहे, कोणते काम कोणी, केव्हा आणि किती काळ करावे, हा खरा प्रश्न आहे.

परंतु ज्या पायरीवरून वर चढलो तिचे आम्ही काय केले? बालानगरची कंपनी १९९२ साली आजारी म्हणून घोषित झाली. अवाजवी नोकरभरती, जुनाट यंत्रे, दिल्लीतून हलणारी सूत्रे, नियंत्रित किमती आणि वाढता उत्पादनखर्च यांच्या कात्रीत ती सापडली होती. सार्वजनिक क्षेत्राच्या कैवाऱ्यांनी हे दोष नाकारण्यात अर्थ नाही. ज्या राज्यकर्त्यांनी हे कारखाने काढले, त्यांच्याच वारसांनी ते आपल्या मेहेरबानीची कुरणे मानली. अखेर २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ही कंपनी बंद करण्याचा, आणि पिंपरीच्या कंपनीची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा व पुढे तिचीही विक्री करण्याचा निर्णय घेतला. ज्या संस्थांनी ज्ञान निर्माण केले त्यांचे मूल्य शेवटी जमिनीच्या भावाने ठरले!

याची किंमत २०२० साली कळून आली. एप्रिल महिन्यात अमेरिकेसारखे बलाढ्य राष्ट्र हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन भारताकडे मागत होते. रॉसच्या काळापासूनचे चक्र उलटे फिरले, म्हणून आमची छाती अभिमानाने फुगली. परंतु त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, चीनमधील कारखाने थंडावताच, पॅरासिटामॉलसह २६ औषधे व औषधी द्रव्यांच्या निर्यातीवर आम्हांस निर्बंध घालावे लागले होते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो. गोळी आमची, पण गोळीतील मूळ द्रव्य चीनचे. भारत जी औषधी द्रव्ये आयात करतो त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक चीनमधून येतात. ज्या पेनिसिलिनसाठी पिंपरी उभारली, त्याचे मूळ द्रव्य बनविणारे देशी कारखाने स्वस्त चिनी मालापुढे एकेक करून बंद पडले. सरकारने २०२० साली ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि २०२४ साली काकीनाड्यास अरबिंदोच्या उपकंपनीने पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू केले. हे स्वागतार्हच आहे. परंतु जे विकून टाकले तेच आता अनुदान देऊन उभारावे लागत आहे, याची नोंद कोणी ठेवणार की नाही?

या प्रगतीच्या वहीत खर्चाचेही एक पान आहे, आणि ते बहुधा कोरे ठेवले जाते. हैदराबादनजीकच्या पटानचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र आहे. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी तेथून शुद्ध होऊन बाहेर पडणारे पाणी तपासले, तेव्हा त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. अशा पाण्यात रोगजंतू औषधास सरावतात आणि मग तेच औषध रुग्णाच्या कामी येत नाही. ३० जून २०२५ रोजी जवळच्याच पाशमैलारमच्या औद्योगिक वसाहतीत औषधी पूरक द्रव्याच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत पोटासाठी दूरच्या प्रांतांतून आलेले अनेक मजूर होते. जगाला स्वस्त औषध मिळते त्या स्वस्ताईचा काही भाग या माणसांनी व त्या गावांतील विहिरींनी भरला आहे. पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम येथील कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हे अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा सरकारकडे आमची मागणी साधी आहे. अनुदान देताना सांडपाण्याची व कामगारांच्या सुरक्षिततेची अट घालावी आणि ती मोडणाऱ्याचे अनुदान थांबवावे. बाजाराला ज्यात नफा दिसत नाही, पण ज्यावाचून दवाखाने चालत नाहीत, अशा मूळ औषधी द्रव्यांची निर्मिती सार्वजनिक क्षेत्रात जिवंत ठेवावी. मात्र तिचा कारभार मंत्र्यांच्या चिठ्ठ्यांवर चालता कामा नये. आणि २००५ पासून पदार्थावरील पेटंट परत आले असले, तरी जुन्याच औषधाला नवा मुलामा देऊन मक्तेदारी लांबविण्यास आळा घालणारे जे कलम त्या वेळी संसदेने घातले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले, ते कोणत्याही व्यापारी कराराच्या सौद्यात सोडू नये.

बेगमपेठेची ती इमारत जतन करण्यात आली आहे, हे योग्यच झाले. बालानगरच्या कारखान्याचे स्मारक मात्र कोणी मागू नये. त्याने शिकविलेला धडा जतन झाला, तरी पुरे. औषधाचे स्वराज्य एकदा मिळविले म्हणजे कायमचे मिळत नाही. प्रत्येक पिढीला ते पुन्हा कमवावे लागते.