आपली टीम, त्यांचं ग्राउंड!

मॅच मुंबईत असली तरी स्ट्रॅटेजी ठरते ती नाशिकरोडच्या टपरीवर! महाराष्ट्राची रणजी टीम मुंबईच्या घरात शिरते, तेव्हा इथल्या फॅन्सच्या डोक्यात काय काय शिजतं?

आयपीएलचे फॅन्स ओळखणं सोपं असतं. अंगात पिवळी नाहीतर निळी जर्सी, गालावर रंग आणि मोबाइलवर सेल्फी. रणजीचा फॅन मात्र गर्दीत सापडत नाही. तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेल शीटच्या मागे स्कोअरकार्ड उघडून बसलेला असतो. आणि त्यात तो नाशिकरोडचा असेल, तर त्याचं दुखणं आणखी वेगळं. कारण त्याच्या टीमची सगळ्यात मोठी ‘अवे’ मॅच असते ती आपल्याच राज्यात, आपल्याच राजधानीत!

आता हे गणित नवख्यांसाठी. एका महाराष्ट्र राज्याच्या रणजीत तीन टीम्स आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. नाशिक येतं ‘महाराष्ट्र’मध्ये. मुंबईने २०२३-२४ च्या मोसमात बेचाळिसावं विजेतेपद मिळवलं. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन मिळवली. आणि महाराष्ट्र? दोन! १९३९-४० आणि १९४०-४१. तेही प्रो. दि. ब. देवधरांच्या कॅप्टनशिपखाली. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबांच्या लहानपणी. अशा टीमवर प्रेम करायला जिगर लागते, बॉस!

कट्ट्यावरचे तज्ज्ञ

बिटको पॉइंट असो, दत्तमंदिर चौक असो की जेलरोडची एखादी टपरी, संध्याकाळी सातनंतर जमणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये काही कॅरेक्टर्स ठरलेली असतात. प्रेसमधून शिफ्ट संपवून आलेला, सातपूर-अंबडच्या कंपनीतून बाइकवर आलेला आणि वीकेंडला पुण्या-मुंबईहून घरी परतलेला, अशी सगळी मंडळी. मॅच दोन दिवसांवर आली की यांची प्रमोशन्स होतात.

पहिला ‘सिलेक्टर’. याची टीम कायम तयार असते आणि तिच्यात नाशिकचा माणूस पाहिजे म्हणजे पाहिजेच. डावखुरा स्पिनर सत्यजित बच्छाव आणि २०२५ च्या आयपीएलसाठी चेन्नईने घेतलेला ऑलराउंडर रामकृष्ण घोष ही दोन नावं त्याच्या तोंडपाठ.

दुसरा ‘क्युरेटर’. पीच न बघताच तो सांगतो, की वानखेडेची माती लाल, तिथे बॉल उसळणार. समुद्र जवळ, त्यामुळे सकाळच्या दमट हवेत पहिला तासभर बॉल हलणार. काळ्या मातीच्या, खाली राहणाऱ्या पीचवर खेळायची सवय असलेला बॅट्समन इथे गडबडतो. गंमत म्हणजे याचं म्हणणं बरंचसं बरोबर असतं!

तिसरा ‘सीए’. हा फक्त गुण मोजतो. ग्रुपमध्ये सगळ्यात बोअर वाटणारा माणूस हाच. पण रणजी कळायची असेल तर चहा याच्या शेजारी बसून प्यावा. का, ते पुढे बघूच.

फंडा पॉइंट्सचा

चार दिवसांच्या लीग मॅचमध्ये सरळ जिंकलात तर सहा गुण. डावाने किंवा दहा विकेट्सनी जिंकलात तर सात. मॅच ड्रॉ झाली, तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. बाद फेरीत तर मॅच अनिर्णित राहिली की पहिल्या डावातली आघाडी घेणाराच पुढे जातो.

म्हणजे कट्ट्यावरचे सगळे प्लॅन, ‘टॉस जिंकून बॅटिंग घ्या’पासून ‘शेवटच्या दिवशी डिक्लेअर करा’पर्यंत, एका प्रश्नाशी येऊन थांबतात : पहिल्या डावात आपण पुढे आहोत की मागे? पाहुण्या टीमसाठी तर हा प्रश्न आणखी मोठा. यजमानांना आपलं पीच माहीत असतं, आपली हवा माहीत असते. पाहुण्यांनी आधी आघाडी खिशात टाकायची आणि मग बाकीचं बघायचं, हा साधा फॉर्म्युला.

पण फॉर्म्युला आहे म्हणून मॅच तशीच होते असं थोडंच आहे? मुंबईतल्या चार मॅचेसची ही फाइल बघा.

जानेवारी २०१४, वानखेडे

क्वार्टर फायनल. दोनच महिन्यांपूर्वी याच ग्राउंडवर सचिनने निरोप घेतलेला. मुंबईच्या पहिल्या डावात ४०२, महाराष्ट्राच्या २८०. म्हणजे १२२ धावांची पिछाडी. बाद फेरीच्या नियमाप्रमाणे मॅच ड्रॉ झाली असती, तरी महाराष्ट्र घरी. ‘सीए’ लोकांनी वही मिटली असेल ती इथेच.

आणि मग मुंबई दुसऱ्या डावात १२९ वर ऑल आउट! टार्गेट २५२. केदार जाधवची नाबाद सेंच्युरी आणि दुसऱ्या बाजूला जालन्याचा, जेमतेम एकोणीस वर्षांचा विजय झोल, तोही नाबाद. महाराष्ट्र आठ विकेट्सनी जिंकला. त्या मोसमात केदारने १,२२३ धावा केल्या आणि टीम थेट फायनलला गेली. हैदराबादच्या फायनलमध्ये कर्नाटकने हरवलं, हे खरं. पण नाशिकरोडला आजही कुणी ‘आपण काय जिंकलोय?’ असं विचारलं, तर उत्तर मिळतं ते वानखेडेचं.

यातला धडा? ड्रॉचा रस्ताच बंद झाला की पाहुणी टीम मोकळी होते. हिशोब संपला, आता फक्त खेळायचं!

ऑक्टोबर २०१६, पुन्हा वानखेडे

त्या मोसमात बीसीसीआयने एक प्रयोग केला होता. कुणीच घरी खेळायचं नाही, सगळ्या मॅचेस त्रयस्थ ग्राउंडवर. त्यामुळे महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली ही मॅच आली मुंबईत. स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८ आणि दोघांची न तुटलेली ५९४ धावांची पार्टनरशिप! रणजीच्या इतिहासातली तोवरची ही सगळ्यात मोठी भागीदारी. समोरून ऋषभ पंतने ३०८ ठोकल्या, तरी दिल्ली ५९० वर थांबली आणि ६३५ करणाऱ्या महाराष्ट्राला आघाडी मिळाली.

म्हणजे पीच तेच, माती तीच. फक्त समोर मुंबई नव्हती. ‘क्युरेटर’ मंडळींनी यावर जरा विचार करावा. आपल्याला भीती लाल मातीची वाटते, की त्या टोपीवरच्या सिंहाची?

जानेवारी २०२३, ब्रेबॉर्न

आणि ही ती मॅच, जिचं नाव काढलं की कट्ट्यावर दोन मिनिटं शांतता पसरते.

लीगची शेवटची मॅच. महाराष्ट्र आणि मुंबई, दोघांनाही पुढे जायचंय. महाराष्ट्राने पहिल्या डावात ३८४ केल्या, त्यात केदार जाधवच्या १२८. मुंबईकडून प्रसाद पवारने १४५ मारल्या. धावफलक हळूहळू सरकत सरकत ३८४ वर आला... आणि मुंबई ऑल आउट! दोन्ही टीम्स ३८४. आघाडी कुणालाच नाही.

महाराष्ट्र दुसऱ्या डावात २५२ वर आटोपला. मुंबईला २५३ हव्या होत्या. हातात वेळ कमी, तरी ते मागे लागले आणि सहा बाद १९५ वर मॅच संपली. ड्रॉ. पहिला डाव बरोबरीत, म्हणून दोघांनाही एकेकच गुण. निकाल : मुंबई बाहेर, महाराष्ट्रही बाहेर. ग्रुपमधून पुढे गेले सौराष्ट्र आणि आंध्र. त्यातल्या सौराष्ट्राने तर पुढे करंडकच उचलला.

एक धाव! तीनशे चौऱ्याऐंशीऐवजी तीनशे पंच्याऐंशी असत्या, तर आघाडीचे तीन गुण महाराष्ट्राचे होते. थर्ड मॅनला ढकलून न घेतलेली दुसरी धाव, सुटलेला एखादा लेग बाय, टेलएंडरने उगीच फिरवलेली बॅट... चार दिवसांच्या मॅचमध्ये अशा किती जागा असतात, मोजून बघा. आपण टपरीवर तासन् तास ‘कॅप्टनने डिक्लेअर कधी करायला हवं होतं’ यावर भांडतो. इथे प्रश्न कॅप्टनच्या स्ट्रॅटेजीचा नव्हताच. शेवटच्या जोडीने चिकटून राहून एक सिंगल काढण्याचा होता. कट्ट्यावरच्या ‘सीए’ला तेव्हापासून कुणी बोअर म्हणत नाही!

ऑक्टोबर २०२४, बीकेसी

शरद पवार अकॅडमीचं ग्राउंड. महाराष्ट्राची पहिली बॅटिंग आणि १२६ वर खेळ खल्लास. मुंबईने आयुष म्हात्रेच्या १७६ आणि श्रेयस अय्यरच्या १४२ च्या जोरावर ४४१ उभ्या केल्या. दुसऱ्या डावात आपली टीम जागी झाली. ऋतुराज गायकवाडच्या १४५, अंकित बावणेची सेंच्युरी, सचिन धसच्या ९८, एकूण ३८८. छान! पण उशीर झाला होता. मुंबई नऊ विकेट्सनी जिंकली.

अवे मॅचचा सगळ्यात जुना नियम इथे पुन्हा सिद्ध झाला. मॅच जिंकायला चार दिवस लागतात, घालवायला एक सकाळ पुरते.

आपला माणूस कुणाचा?

आता जरा नाजूक मुद्दा. २०२३-२४ मध्ये मुंबईला बेचाळिसावं विजेतेपद मिळवून देणारा कॅप्टन अजिंक्य रहाणे जन्मला कुठे? संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला. म्हणजे सिन्नर ओलांडून थोडं पुढे, वानखेडेपेक्षा नाशिकरोडला कितीतरी जवळ! झहीर खान श्रीरामपूरचा. दोन्ही गावं ‘महाराष्ट्र’ टीमच्या हद्दीतली. पण अजिंक्य वाढला डोंबिवलीत आणि झहीर आधी बडोद्याकडून आणि मग मुंबईकडून खेळला. उलटा प्रवास क्वचितच होतो. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला, तेव्हा कट्ट्यांवर म्हणूनच एवढी चर्चा झाली.

ही गोष्ट आपल्याला टोचते, कारण ती आपलीच आहे. इंजिनीअरिंग झालं, एमबीए झालं, की पुढचं तिकीट मुंबईचं नाहीतर पुण्याचं. नाशिकरोड स्टेशनावर शुक्रवारी रात्री उतरणारे आणि सोमवारी पहाटे पुन्हा चढणारे चेहरे बघा. ‘पुढे जायचं तर बाहेर जायचं’ हे आपण गृहीतच धरलंय. म्हणून ब्रेबॉर्नवरची ती एक धाव स्कोअरबुकापुरती राहत नाही. गावात राहून, गावाच्या टीमकडून खेळून मोठ्यांच्या बरोबरीने उभं राहता येतं, हे तिथे ३८४ वेळा सिद्ध झालं होतं. एकदा कमी पडलं.

आणि घरचं ग्राउंड काय कमी आहे? हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, आपल्या गोल्फ क्लबवर, जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने बडोद्याला तब्बल ४३९ धावांनी धुतलं. घरी हे जमतं. आता दारापलीकडेही जमलं पाहिजे.

जायचंय मॅचला? मग हा प्लॅन करा

• पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला पोहोचते. मॅच सुरू होते साडेनऊच्या सुमारास. म्हणजे तुम्ही स्टँडमध्ये बसेपर्यंत लंच जवळ आलेला असतो! पहिला तास बघायचा असेल तर पहाटेची गाडी पकडा, नाहीतर आदल्या रात्री मित्राच्या रूमवर पथारी टाका.

• मॅच बीकेसीला असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. वानखेडे आणि ब्रेबॉर्न मात्र चर्चगेटजवळ, सीएसएमटीहून टॅक्सीने काही मिनिटांवर.

• रणजीला बऱ्याचदा तिकीट नसतं. पण कुठलं गेट उघडं आहे, हे आधी विचारून घ्या.

• टोपी, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा चार्जर विसरू नका. स्टँडमध्ये गर्दी नसते, त्यामुळे तुमची आरडाओरड खेळाडूंना खरोखर ऐकू जाते. तेव्हा तोंड जरा सांभाळून!

• सुट्टी एकच मिळणार असेल तर कुठल्या दिवशी टाकायची? बहुतेक जण चौथ्या दिवशी टाकतात. वरची फाइल वाचलीत ना? दुसरा नाहीतर तिसरा दिवस बघा. पहिल्या डावातली आघाडी बहुतेक वेळा तेव्हाच ठरते.

पुढच्या वेळी मुंबई-महाराष्ट्र एका ग्रुपमध्ये आले आणि मॅच ‘तिकडे’ असली, तर कट्ट्यावर आपला प्लॅन जरूर मांडा. टॉस, फील्डिंग, नाइट वॉचमन, सगळं ठरवा. फक्त शेवटी अकरा नंबरच्या बॅट्समनसाठीही एक ओळ राखून ठेवा : बाबा रे, सिक्सर नको, तेवढी एक सिंगल काढ!