‘एक ओमला लाव, डबल वाजतंय’

गळीत हंगामात ढोकीच्या रस्त्याला रात्री उभं राहिलं, की उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी छातीत वाजतो. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवरच्या गाड्यांचंही तेच. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यात वूफर बसवणाऱ्यांना काम कमी नाही आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: “एक ओमला लावून देतो भाऊ, डबल वाजतंय.” हे ऐकलं की मी विचारतो, अँपवर कमीत कमी किती ओम लिहिलंय? उत्तर बहुधा येत नाही. आवाज मात्र वाढतो, माणसाचा.

डबल कॉइल वूफर म्हणजे एकाच नळीवर गुंडाळलेल्या दोन वेगळ्या तारा. कोन एक, चुंबक एक. दोन कॉइल म्हणून बेस दुप्पट होत नाही. जोडणी बदलून ओम बदलता येतात, एवढीच सोय. बाकी सगळं शाळेतलं एकसर आणि समांतर. चार-चार ओमच्या दोन कॉइल एकसर जोडल्या की 8 ओम, समांतर जोडल्या की 2. दोन-दोन ओमच्या असतील तर 4 किंवा 1. म्हणजे चार-चारच्या एका वूफरवर ‘एक ओम काढून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. ते होणारच नाही. तसले दोन वूफर घेऊन चारही कॉइल समांतर केल्या तरच 1 ओम येतो. प्रत्येक वूफरच्या कॉइल आधी एकसर आणि मग दोन्ही वूफर समांतर केले, तर 4.

आता ते ‘डबल’. अँप ठरावीक व्होल्टेजपर्यंतच जाऊ शकतो. समजा 20 व्होल्ट. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओम: 4 ओमवर 100 वॅट, 2 वर 200, 1 वर 400. इथवर दुकानदार बरोबर आहे. पण वॅट दुप्पट झाले तर आवाज वाढतो 3 डेसिबल, आणि कानाला ‘डबल’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. 4 ओमवरून 1 वर आलात, सगळं सुरळीत चाललं, तरी हाती 6 डेसिबल. डबल कुठंय?

आणि सुरळीत चालतं कुठं? त्याच हिशोबात अँपमधून निघणारा करंट 5 अँपियरवरून 20 वर गेला. सलग 400 वॅट काढायचे तर 80 टक्के कार्यक्षमतेचा क्लास-डी अँपसुद्धा बॅटरीकडून 500 वॅट ओढतो, 13.8 व्होल्टला ते 36 अँपियर होतात. गाण्यात सरासरी कमी पडते, पण ठोक्याला हेडलाइट मंद होतो तो उगाच नाही. व्होल्टेज बसलं की वॅटही बसले. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, 100 अंशांनी तापलं तर जवळपास 40 टक्के. मे महिन्यात बाहेरच चाळिशी पार, डिकीत अँप कोंडलेला; तुमचा एक ओम तासाभराने एक ओम राहिलेलाच नसतो. अँप 2 ओमचाच असेल तर प्रोटेक्टचा दिवा लागेल. नाही लागला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातील.

ब्रिजमध्ये तर हमखास घोळ. दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे मिळून एकाच वूफरला लावले, की प्रत्येक चॅनलला निम्माच लोड दिसतो. चॅनलमागे 2 ओम चालणारा अँप ब्रिजला 4 च्या खाली नेऊ नये. चार-चारचा वूफर समांतर करून ब्रिजला लावला तर प्रत्येक चॅनल 1 ओमवर राबतो.

खोक्यावरचे ‘5000 वॅट’ बघून भुलायचं काम नाही. सीईए-2006 या मानकात वॅट मोजतात ते 14.4 व्होल्टला, 4 ओमवर, विकृती 1 टक्क्याच्या आत ठेवून. तसा उल्लेख नसेल तर तो आकडा म्हणजे रंगकाम.

मीटरवर चार ओमची कॉइल 3.4 दाखवते म्हणून ती खराब नसते. मीटर डीसी रोध मोजतो, इम्पीडन्स नाही. एकच कॉइल जोडून काम भागत नाही. वूफरची सोसायची ताकद निम्मी होते. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकू नका, तो वायर जळू नये म्हणून असतो.

आणि ‘ओम बरोबर आहेत, तरी बेस नाही’ ही तक्रार आली तर बहुधा एक कॉइल उलटी जोडलेली असते: एक कोनला बाहेर ढकलते, दुसरी आत. अँपच्या वायरी सोडवा, दोन्ही कॉइल एकमेकींपासून सुट्या करा. कोनवर हलकं बोट ठेवा आणि पेन्सिल सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. दोन्ही वेळा कोन एकाच दिशेला हलला पाहिजे.